रडण्याचं जंक्शन

इंग्रजीत चहावाला रडतो. कुर्डुवाडीच्या फलाटावर गाडी पुरती लागायच्या आत किटली उचलून 'च्याऽऽय, गरम च्याऽऽय' करत डब्यामागून डब्याकडे पळणारा माणूस रडतो, वडापाववाला रडतो, शेंगदाण्याच्या पुड्या विकणारं पोरगंही रडतं. गावात दवंडी देणारा कोतवाल तर इंग्रजांच्या हिशेबानं सरकारी पगारावर नेमलेला रडका. या सगळ्यांच्या ओरडण्याला त्या भाषेत एकच क्रियापद आहे, क्राय. सासरी निघालेली लेक आईच्या गळ्यात पडून जे करते तेही क्राय आणि फेरीवाला जे करतो तेही क्राय. लंडनच्या रस्त्यांवरच्या विक्रेत्यांच्या आरोळ्यांची चित्रं काढून विकण्याची तिकडे दोन-तीन शतकं मोठी चाल होती, त्या चित्रमालिकांना 'क्राइज ऑफ लंडन' म्हणत. ज्याला फक्त अर्धं इंग्रजी येतं त्याला वाटावं, काय दुःखी शहर आहे!

आमच्या शाळेत एका मुलानं 'टाऊन क्रायर' याचं भाषांतर 'शहरी रडतराऊत' असं केलं होतं. मास्तरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग हसला आणि तो मुलगा रडायला लागला. त्यावर मास्तर म्हणाले, "रड लेका, पण आवाज काढू नको." या एका वाक्यात मास्तरांनी इंग्रजीतला मोठा वाद सोडवून टाकला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या वादाकडे जरा वेळानं येतो.

आधी क्रायची कुळी. हा शब्द इंग्रजांच्या घरचा नव्हे. तो फ्रेंचांकडून आला आणि फ्रेंचांकडे लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'क्विरिटारे' असं एक क्रियापद होतं. ख्रिस्ताच्या आधीच्या शतकात रोममध्ये वॅरो नावाचा एक पंडित होऊन गेला. त्यानं लिहून ठेवलं की रोमच्या नागरिकांना 'क्विरिटेस' म्हणतात आणि संकटात सापडलेला माणूस त्यांना जी हाक मारतो ती क्विरिटारे. म्हणजे अंधाऱ्या बोळात कुणी गाठून पैशाची पिशवी ओढायला लागलं, की माणसानं ओरडायचं, "अहो रोमकर, धावा!" पुढच्या पंडितांना हे पटलं नाही. त्यांतले काही म्हणतात, कसले नागरिक आणि कसलं काय, डुकराच्या चीत्काराला लॅटिनमध्ये जवळपास असाच शब्द आहे, तिथून हे आलं असणार. दोन हजार वर्षं झाली तरी निकाल लागलेला नाही. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यांबद्दल उगाच बोलतात.

मी वॅरोच्या बाजूचा आहे. त्याचं म्हणणं मराठीला लागू पडतं, एवढं कारण मला पुरतं. आपण देवाला कळवळून हाक मारतो तिला 'धावा' म्हणतो. विठ्ठलाचा धावा करायचा म्हणजे विठ्ठलाला धावायला सांगायचं. त्यानं युगानुयुगं एका विटेवर उभं राहण्याचं कबूल केलेलं आहे, हे माहीत असूनही सांगायचं. इंग्रजांनी तर या ओरडण्याला कायद्यात बसवलं. १२८५ साली पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात विंचेस्टरचा कायदा झाला. चोरी झाली की आरोळी ठोकायची, ती ऐकून गावानं चोरामागे लागायचं आणि चोर सापडला नाही तर नुकसान त्या भागातल्या सगळ्या लोकांनी भरून द्यायचं. थोडक्यात, शेजाऱ्याच्या रडण्याकडे दुर्लक्ष केलंत तर दंड. हा कायदा आज आमच्या गल्लीत लावला तर निम्मी गल्ली दिवाळखोरीत निघेल.

सोळाव्या शतकात केव्हातरी ही आरोळी डोळ्यांतल्या पाण्यापर्यंत पोचली. तोवर डोळ्यांच्या पाण्यासाठी इंग्रजीत 'वीप' हा जुना, अस्सल घरचा शब्द होता. क्रायनं त्याला हळूहळू बाजूला सारलं. आज वीप उरलाय तो कवितेत, बायबलात आणि झाडांच्या नावांत.

आता इंग्रजांना हसायच्या आधी आपलं घर बघितलेलं बरं. हिंदीतलं 'रोना' संस्कृतातल्या 'रुद्' धातूवरून आलं, म्हणजे ते पहिल्यापासून रडण्याचंच. मराठी 'रडणे' मात्र 'रट्' या धातूकडून आलेलं आहे आणि रट् म्हणजे ओरडणं, आरडाओरडा करणं. गुजराती भाऊ आपल्याच पंगतीला, त्यांचंही 'रडवुं'. म्हणजे आपलं रडणं आणि इंग्रजांचं क्राय यांनी एकमेकांना न विचारता एकच वाट धरली. आधी आवाज, मग पाणी. आपणही मुळात चहावालेच.

आवाजाचा विषय निघाला की कुर्डुवाडीकराच्या कानात स्टेशन सुरू होतं. माढा तालुक्यातलं हे गाव रेल्वेनं मोठं केलं. १८६० च्या आगेमागे मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग इथून गेला. स्टेशनला नाव मिळालं 'बार्शी रोड'. जमीन इथली, धूर इथला आणि नाव चौतीस-पस्तीस किलोमीटरवरच्या बार्शीचं. गावाच्या रडण्याला इथून सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही. शतपथ ब्राह्मणात एक गोष्ट आहे. नुकतंच जन्मलेलं एक पोर रडायला लागतं. प्रजापती विचारतो, का रे बाबा रडतोस? पोर म्हणतं, मला नाव नाही, नाव दे. मग तो रडला म्हणून त्याचं नाव ठेवतात रुद्र. जगाचा संहार करणारा देव, पण नाव मिळालं ते रडून! कुर्डुवाडीनंही पुढे आपलं नाव मिळवलं. आज पिवळ्या पाटीवर तीन लिप्यांत नसलं तरी तीन भाषांत ते रुबाबात उभं आहे.

बार्शीकरांना मात्र नावावर समाधान मानायचं नव्हतं, त्यांना गाडी हवी होती. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं इथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचा रूळ टाकला. बार्शी लाईट रेल्वे. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. मग इकडे मोठी गाडी, तिकडे छोटी, मध्ये कुर्डुवाडी. मुंबईहून येणारा वारकरी इथे उतरणार, लातूरचा व्यापारी इथे चढणार. जिथे गाड्या बदलाव्या लागतात तिथे माणसं एकमेकांपासून तुटतात आणि जिथे माणसं तुटतात तिथे रडण्याला वाव असतो. त्यामुळे या स्टेशनावर रडण्याचे दोन गेज पडले होते.

मोठ्या गाडीचं रडणं आटोपशीर. गाडी दोन-पाच मिनिटं थांबणार, त्यात सामान चढवायचं, जागा धरायची, पाण्याची बाटली द्यायची, 'पोचल्यावर पत्र टाक' सांगायचं आणि उरलेल्या वेळात रडायचं. हुंदका अर्ध्यावर असतानाच गाडी हलायची. बार्शी लाईटचं तसं नव्हतं. ती सुटायची म्हणून सुटायची, पण जायची नाही. इंजिन कुक द्यायचं, एकदा नाही, दोनदा नाही. बायका पहिल्या कुकेला रडायला लागत, मग गाडी तशीच उभी. रडणं ओसरायचं, दोन घरगुती गोष्टी निघायच्या, लोणच्याच्या बरणीचं तोंड नीट बांधलंय का ते बघून व्हायचं, तोवर दुसरी कुक. पुन्हा नव्यानं रडायचं. शेवटी गाडी खरंच हलली तरी भाऊ बहिणीच्या खिडकीला धरून फलाट संपेपर्यंत सहज चालायचा आणि फलाट संपल्यावरही थोडा चालायचा. मुळुमुळु रडणं ही बार्शी लाईट आणि भोकाड ही मेल, अशी विभागणी आमच्याकडे पोरांनाही कळायची. मधल्या स्टेशनांना मुसमुसणं, स्फुंदणं, हुंदके देणं अशी नावं द्यायला हरकत नाही. ओक्साबोक्शी आणि धाय मोकलून या गाड्या मात्र वेळापत्रकात नसतात. त्या येतात तेव्हा सिग्नल कुणाला विचारत नाहीत.

ती छोटी गाडी १ जानेवारी १९५४ ला सरकारजमा झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात इथले तिचे रूळही रुंद झाले. कॅलथ्रॉपबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. इतकी हळू गाडी बांधणाऱ्या या माणसानं पुढे पॅराशूट बनवलं. त्याचे मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधले रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेले. ते मनाला लागलं आणि कॅलथ्रॉपनं वर्षानुवर्षं खपून पडणाऱ्या माणसाला हळूच खाली उतरवणारी छत्री तयार केली. तिचं नाव ठेवलं 'गार्डियन एंजल'. हळू जाण्याची विद्या त्यानं बार्शी लाईटमध्येच पक्की केली असणार, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणाले असते.

आता मास्तरांच्या वाक्याकडे. 'रड, पण आवाज काढू नको.' म्हणजे वीप कर, क्राय नको. पाणी आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मास्तरांना पोरं बडवून समजलं होतं. डार्विननं ते स्वतःच्या लेकराकडे बघून टिपलं. १८७२ सालच्या त्याच्या भावनांवरच्या पुस्तकात तो सांगतो की तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत पहिले काही आठवडे रडताना पाणी येत नाही. नुसतं ओरडणं. म्हणजे जन्मलेलं प्रत्येक मूल आधी त्या शब्दाच्या जुन्या अर्थानं रडतं, 'क्विरिटेस, धावा!' आणि खरंच, घरातले सगळे नागरिक धावतात. आजी घुटी आणते, आत्या मीठमोहऱ्या ओवाळते, बाप नुसताच इकडून तिकडे फिरतो. डोळ्यांतून पाणी काढायचं शहाणपण पोराला पुढे येतं.

२००९ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी मजा केली. त्यांनी काही दिवसांच्या फ्रेंच आणि जर्मन बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. फ्रेंच बाळं खालून वर जाणाऱ्या सुरात रडत होती, जर्मन बाळं वरून खाली येणाऱ्या. दोन्ही भाषांच्या बोलण्याचा हेल तसाच आहे आणि बाळानं तो आईच्या पोटातच ऐकलेला असतो. हे वाचल्यापासून माझी खात्री पटली आहे की कुर्डुवाडीच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेलं मूल 'कुठं निघालाव?' या चालीवर रडतं आणि पुण्याचं मूल दुपारी एक ते चार सोडून. यावर कुणी संशोधन केलं तर मला नवल वाटणार नाही. पैसे कोण देणार, हा प्रश्न आहे.

आवाज आहे, पाणी नाही, हे झालं तान्ह्या मुलाचं. पाणी आहे, आवाज नाही, याची सोय कांद्यानं केली आहे. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा आमचा जिल्हा किती रडण्याचं भांडवल बाहेर पाठवतो ते कळतं. कांदा चिरला की त्याच्यातली रसायनं मिसळून एक वायू निघतो आणि तो डोळ्याला झोंबतो. ते घडवून आणणारं विकर २००२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. त्याआधी बरीच वर्षं सगळे दुसऱ्याच एका विकराला दोष देत होते. त्या जपान्यांना पुढे २०१३ मध्ये हसवणारं नोबेल, म्हणजे इग नोबेल, मिळालं. पण कांद्याच्या अश्रूंना कुणी रडणं म्हणत नाही. स्वयंपाकघरात डोळे गळत असलेल्या बाईला कुणी 'काय झालं?' विचारत नाही. आमच्याकडच्या कित्येक सुनांनी हे बरोबर ओळखलं होतं. ज्या दिवशी सासूबाई जास्त बोलत त्या दिवशी कांदे जास्त चिरले जात. अशा घरची आमटी गावात नावाजलेली असायची.

रडण्याच्या आवाजात जनावरं कुठून शिरतात हाही एक बघण्यासारखा प्रकार आहे. इंग्रजीत मोठ्यानं भोकाड पसरण्याला 'बॉल' म्हणतात. त्याच्यावरूनही पंडितांचं भांडण आहे. काही म्हणतात तो लॅटिनमधल्या कुत्र्याच्या भुंकण्यावरून आला, काही म्हणतात उत्तरेकडच्या जुन्या भाषेतल्या गाईच्या हंबरण्यावरून. आपला हंबरडा तर सरळ गोठ्यातूनच उठून आलेला आहे. वासरू दिसेनासं झालं की गाय जे करते तेच माणूस करतो, हे ज्या शेतकऱ्याला पहिल्यांदा जाणवलं त्याला मी मोठा कवी मानतो. इंग्रजीच्या तासाला मात्र या 'बॉल'नं घोळ घातला होता. धड्यातलं पोर 'बॉल्ड' असं वाचलं की मागच्या बाकावरून विचारणा व्हायची, "सर, कुणी काढला?"

'मॉडलिन' हा आणखी एक. बायबलातली मेरी मॅग्डलीन ही ख्रिस्ताची शिष्या. युरोपातल्या चित्रकारांनी तिला शतकानुशतकं डोळे पुसतानाच रंगवली. तिच्या नावाचा बोलीतला उच्चार मॉडलिन, आणि त्यावरून उठसूट गळा काढणारा, विशेषतः घेतल्यावर गळा काढणारा, तो मॉडलिन. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तिच्या नावाचं एकेक मोठं कॉलेज आहे. लिहिताना मॅग्डलीन, म्हणताना मॉडलिन, म्हणजे तिथली पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात तेव्हा रडवेल्या कॉलेजातून पडतात. असा एक मॉडलिन प्रत्येक गावात असतो. आमचा संध्याकाळी परमिट रूमच्या पायरीवर बसून बांधाच्या वादात दुरावलेल्या भावासाठी रडायचा. सातबारा, हिस्सा, मोजणी, वडिलांचा शब्द, सगळं त्यात यायचं. भाऊ शेजारीच बसलेला असायचा. बिल तोच द्यायचा.

परंतु रडण्याचं खरं शास्त्र बायकांच्या हाती होतं. कुणी गेल्याचं कळलं की परगावच्या पाहुण्या एसटीनं येत. येताना सगळं नेहमीसारखं. कंडक्टरनं सुटे दिले नाहीत, भेंडीचा भाव काय, अमकीच्या सुनेला दिवस गेलेत का. गल्लीचं वळण आलं की पदर तोंडाला जायचा आणि सूर लागायचा. शिकलेली नातवंडं म्हणतात, हे ढोंग. मला ते कधी ढोंग वाटलं नाही. वळणावरचा तो सूर आतल्या बाईसाठी असे. आम्ही आलोय, तू एकटी नाहीस, असं तो सांगे. आतून लगेच उलट सूर यायचा. मग गळ्यात गळा पडला की गुण गाऊन रडणं सुरू. त्यात गेलेल्या माणसाचं अख्खं चरित्र यायचं, कर्जासकट. त्यानं कुणाच्या लग्नाला रात्री बैलगाडी जुंपली, कुणाला ज्वारीचं पोतं दिलं, कुणाशी सात वर्षं बोलला नाही आणि मग काय म्हणून बोलायला लागला, सगळं लयीत आणि उसासा न चुकवता. रडता रडता एखादीचं लक्ष चुलीकडे गेलं तर त्याच चालीवर 'दूध उतू चाललंय गं बयाऽऽ' हेही यायचं आणि कुणी उठून पातेलं उतरवायचं. वर्तमानपत्रातले मृत्युलेख मी बरेच वाचले, त्यांत दुधाची काळजी कुणी घेतल्याचं दिसलं नाही. आयर्लंडमध्येही असंच मयताजवळ गुण गाऊन रडायची चाल होती. तिथल्या शब्दावरून इंग्रजीत 'कीन' हे क्रियापद आलं. पाद्र्यांना ती चाल आवडत नसे. बायका मोठ्यानं खरं बोलायला लागल्या की पाद्र्यांची चलबिचल होणारच.

मराठी माणसाला रडायला आवडतं की नाही, यावर आपला समाज अजून ठाम नाही. एकीकडे 'रडतराव घोड्यावर' अशी चेष्टा, 'रडीचा डाव खडी' असा पोरांचा कायदा. दुसरीकडे १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला आणि गावोगावच्या बायका बैलगाडीनं, ट्रॅक्टरनं थेटरात जाऊन रडल्या. मूळ गोष्ट एका राजस्थानी चित्रपटाची, पण अलका कुबल यांच्या डोळ्यांतून ती इथली झाली. तिकीट काढून रडणं ही त्या बायकांची चैन होती. घरी रडलं तर कारण सांगावं लागतं, थेटरात अंधार असतो आणि कारण पडद्यावर असतं. शिवाय तिथे आवाज काढला तरी चालतो, शेजारची पाहुणीही काढत असते. असं सार्वजनिक, बिनचौकशीचं रडणं पुरुषांना अजून मिळालेलं नाही. त्यांना क्रिकेट आहे म्हणा.

साने गुरुजींना तर रडके हे विशेषण जन्माचं चिकटलं. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. वीस वर्षांनी आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. अत्र्यांसारखा हसवणारा माणूस आणि पदक मिळालं ते महाराष्ट्राला रडवून! पण गुरुजींच्या रडण्याला हसणाऱ्यांनी मे १९४७ कडे बघावं. आमच्या जंक्शनपासून छोट्या गाडीनं पंढरपूर पन्नासेक किलोमीटर. तिथे विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून हा हळवा माणूस प्राणांतिक उपोषणाला बसला. दहा दिवस त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही. मोठमोठ्या सुधारकांच्या तर्काला जे जमलं नव्हतं ते त्या उपोषणानं झालं, दार उघडलं. म्हणून गुरुजींना रडके म्हणायचं तर वॅरोच्या अर्थानं म्हणावं. हा माणूस रडला म्हणजे त्यानं नागरिकांना हाक मारली. अशी हाक मारायला छाती लागते आणि ती ऐकणाऱ्यांची पंचाईत होते. हळव्या माणसाला आपण हसतो ते बहुतेक या पंचाइतीतून सुटायला.

संतांच्या घरी रडण्याचा निकाल वेगळा लागला होता. त्याच छोट्या गाडीच्या लातूर फाट्यावर ढोकीजवळ तेर आहे, गोरोबाकाकांचं तेर. कथा सगळ्यांना ठाऊक. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईनं गोरोबांना विचारलं, काका, यांतलं कुठलं मडकं कच्चं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांनी मात्र आरडाओरडा केला. निर्णय झाला, हे मडकं कच्चं. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले. देवानंही गोरोबांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला पाठवलं. लहानपणापासून ही कथा ऐकताना माझं मत नामदेवांकडेच गेलं आहे. डोक्यात थापटणं बसल्यावर ओरडणारा माणूस मला शेजारी म्हणून चालेल. न ओरडणाऱ्याचं काय दुखतंय ते कुणी सांगायचं? आणि कच्चं ठरलेलं तेच मडकं देवाशी सर्वांत जास्त बोललं, भांडलं, रुसलं, हेही कथेतच आहे. लहानपणी नैवेद्य खात नाही म्हणून रडून रडून देवाला जेवायला लावलं ते त्यानंच. पक्क्या मडक्यांना एवढं जमलं नसतं. ती उपाशी देवापुढे शांत बसून राहिली असती.

आता स्टेशनावर पूर्वीसारखं रडणं ऐकू येत नाही. गाडीत बसलेला माणूस फलाटावरच्या आईला खिडकीतूनच व्हिडिओ कॉल लावून दाखवतो की जागा मिळाली. रडायचं झालं तर मोबाईलवर पिवळा गोल चेहरा पाठवतात. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागलेल्या असतात आणि तोंडातून आवाज नसतो. मास्तरांना हवा होता तसा.

आवाज उरला आहे तो आषाढीला. तेव्हा कुर्डुवाडीवरून जादा गाड्या सुटतात, टाळमृदंगाच्या गजरात चहावाल्याचं क्रायसुद्धा बुडून जातं आणि सगळा लोंढा पंढरपुराकडे वाहतो. तिथे लाखो माणसांत हरवलेल्यांसाठी रात्रभर कर्णे चालू असतात. अमक्या गावच्या अमक्या आजी इथे बसल्या आहेत, त्यांच्या माणसांनी येऊन घेऊन जावं. परतीच्या गाडीत ऐकलेली गोष्ट सांगतो. एक म्हातारबाबा त्या पुकारणाऱ्यांच्या मांडवात आले. तिथल्या पोरानं विचारलं,

"आजोबा, हरवलाव का? नाव सांगा तुमचं."

"म्या कशाला हरवतुय? म्या हितंच हाय की. ती हरवली."

"बरं, मग आजीचं नाव सांगा."

म्हातारबाबा गप्प. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. उभ्या जन्मात चारचौघांत बायकोचं नाव घेतलेलं नाही, आता कर्ण्यावर कसं घ्यायचं? पोरगं म्हणालं, "आजोबा, उखाण्यात घ्या वाटल्यास, पण घ्या." रांग वाढत चालली होती. शेवटी त्यांनी पोराच्या हातातला माईक ओढला, घसा खाकरला आणि सबंध वाळवंटाला ऐकू जाईल असे ओरडले, "आगंऽऽऽ!"

थोड्या वेळात मांडवात पाच-सात म्हाताऱ्या धावत आल्या. त्यांतली एक त्यांची होती.